अर्धा मिलिमीटर खाली

नोव्हेंबरात सिलिंडर उतरवला तेव्हा
एक्झॉस्टच्या खिडकीवर दिसल्या
रोंबाउटच्या कानशीच्या खुणा.
उजवी बाजू जरा जास्त खाल्लेली.
डावखुरा होता माझा भाऊ.

त्याला सगळं वरचं हवं असे.
साडेआठ हजारांच्या पुढे फुटणारी ती किंकाळी.
तिच्यासाठी त्यानं खिडकी मिलिमीटरभर उंच तासली,
खाली दोन गॅस्केटं घालून
अख्खा सिलिंडरच टाचांवर उभा केला.
"सरळ पट्ट्यात बघ कशी सुटते," म्हणायचा.

इथे, केम्पनच्या वाळूत,
सरळ पट्टा आहे कुठे?
पाइनच्या रांगेमागे वळण, वळणामागे खड्डे,
दुसऱ्या फेरीला घोट्याएवढे,
आठव्या फेरीला गुडघ्याएवढे,
आणि प्रत्येकातून वर यायला लागतो
तो मधला जोर,
पाच ते सात हजारांमधला,
ज्याची फुशारकी कुणी मारत नाही.

सप्टेंबरात वानेस बापाच्याच इंजिनवर उतरला.
सहाव्या फेरीला पिस्टन धरला.
मी कुंपणापाशी होते.
आवाज तुटण्याआधी एक बारीक शिट्टी येते,
ती मला ऐकू आली, त्याला नाही.
हासळीचं हाड, दोन स्क्रू, सहा आठवडे.
आता पोरगा माझ्या गॅरेजात शेगडीजवळ बसून
एका हाताने कॉफी ढवळतो, विचारतो,
"आत्या, बाबांचा सिलिंडर फेकून देणार?"

जस्ताच्या कारखान्यात एकतीस वर्षं लेथवर काढली.
काढलेला धातू परत बसत नाही
एवढं एक पक्कं कळलंय.
पण सिलिंडर खाली बसवता येतो.

एक गॅस्केट काढलं.
खिडकी अर्धा मिलिमीटर उतरली;
आता ती उशिरा उघडेल,
जाळाला पिस्टन रेटायला
पापणी लवेल त्याहून कितीतरी कमी,
तरी थोडा जास्त वेळ मिळेल.
प्लगच्या भोकातून सोल्डरची तार आत सोडली,
हाताने क्रँक फिरवला,
चेपलेलं टोक कॅलिपरमध्ये धरलं.
काल एक पॉइंट सात. आज एक पॉइंट दोन.
त्या रात्री मी लवकर झोपले.

मग बाकीचं, डिसेंबरभर, जमेल तसं:
फोर्ज्ड पिस्टन, क्रँकचे बेअरिंग,
फ्लायव्हीलला तीनशे ग्रॅमचं कडं
(वानेस म्हणाला, "नांगर बांधतेस की काय?"),
रीडच्या नव्या पाकळ्या,
मेन जेट दोन नंबरांनी मोठा,
कारण वाळूत इंजिनाला तहान लागते
आणि ते ती बोलून दाखवत नाही,
थेट मरतं.

शेवटी खिडकीच्या कडा.
रिंग अडकू नये म्हणून त्या मोडाव्या लागतात,
पॉलिशपेपर बोटाला गुंडाळून, सावकाश.
बोट त्याच्या खाचेत गेलं.
उजवीकडच्या त्या खोल खाचेत.
पेपर थोडा वेळ तिथेच थांबला.
मी कडा मोडल्या, खाचेला हात लावला नाही.
तिचा त्रास कुणाला नव्हता.

मार्चातला रविवार. हवेत धुकं, चार गाड्या, एक कुत्रं.
तीन फेऱ्या मारून वानेस परत आला तो नाराज.
"हिचा आवाज गेला, आत्या."
बरोबर. गेला.
पण पाइनमागच्या सगळ्यांत मोठ्या खड्ड्यातून
तो तिसऱ्यातच वर आला होता,
क्लचला बोटही न लावता,
आणि त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.
मी काही बोलले नाही. प्लग काढून पाहिला:
दूध जरा कमी पडलेल्या कॉफीचा रंग.

रोंबाउट म्हणाला असता,
म्हातारी केलीस तिला.
केली.
"अजून पाच," मी म्हटलं.
वानेस हेल्मेट चढवू लागला.
डावा हात अजून सावकाशच वर जातो.